अर्धा कारखाना

"हरदास, मला एक आकडा द्या. एकच." रांगणेकर साहेबांनी मरळीचा काटा जिभेनं सोडवला, ताटाच्या कडेला ठेवला आणि बोटं चाटत म्हणाले, "दोन आकडे घेऊन मी दिल्लीला गेलो तर हसतील मला."

"हसू द्या साहेब," हरदास सर म्हणाले. "आहेतच दोन."

"अहो, पण त्यांच्या तक्त्यात रकाना एकच आहे ना!"

यावर टेबलाभोवतीचे सगळे हसले. समितीवर आणखी पाच जण होते, पण त्यांची नावं सांगून तुम्हाला दमवत नाही. तीन दिवसांत त्यांनी 'बरोबर आहे' आणि 'आणखी भात' याखेरीज तोंडातून काही काढलं नाही. मीही हसले. हरदास सरांच्या शेजारीच बसले होते, तरी हसले. ते माझ्याकडे न बघता वरणात लिंबू पिळत राहिले.

ही पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. देशाला पुढच्या पंधरा वर्षांत किती वीज लागेल, कुठे किती केंद्रं उभारायची, याचा मोठा आराखडा दिल्लीत चालला होता. त्याच्या ठिकठिकाणी उपसमित्या होत्या, आमची पूर्व विदर्भाची. अध्यक्ष रांगणेकर साहेब, मुंबईचे निवृत्त सनदी अधिकारी. गोरेपान, मऊ आवाजाचे, कुणाला अरेतुरे नाही, कुणावर ओरडणं नाही. हरदास सर आमच्या नागपूरच्या अंदाज कक्षाचे प्रमुख. वय सत्तावन्न, निवृत्तीला वर्ष उरलेलं, वर्ध्याचे. आणि मी, कुंदा बोरीकर, त्यांच्या हाताखालची संख्याशास्त्रज्ञ, वय एकतीस. सरांनीच मला नोकरीत घेतलं होतं आणि सरांनीच शिकवलं होतं. 'मुली' म्हणायचे मला. कार्यालयात पोरगी म्हणून हिणवणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या 'मुली'चा मला कधी राग आला नाही.

बैठक नागपुरात न घेता पिंपळदोहला घेतली, कारण केंद्राची जागा पाहायची होती. पिंपळदोह म्हणजे साठ-सत्तर घरांचं धीवरांचं गाव आणि गावाहून दसपट मोठा तलाव. मालगुजारांच्या काळात बांधलेला, आमच्याकडे त्याला माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतात. पाळीवर मोहाची झाडं, पाण्यात शिंगाड्याचे वेल, कडेला डोंगे बांधलेले. मासेमारी धीवरांच्या संस्थेकडे होती. अध्यक्ष एक बाई होत्या, गिरजाबाई मारबते. साठीच्या आसपासच्या, काळ्याभोर, दोन्ही दंडांवर गोंदलेलं, आवाज असा की पाळीच्या या टोकावरून त्या टोकाला हाक जावी. पाटबंधारे खात्याच्या त्या विश्रामगृहात आम्ही रोज जे मासे हाणत होतो ते त्यांच्याच टोपल्यातले. आणि दुसऱ्या खोलीत आम्ही त्यांच्याच तलावात कोळशाच्या वीजकेंद्राची राख टाकायची की नाही हे ठरवत होतो. शी! तीस वर्षं झाली, तरी मरळीचं नाव काढलं की माझ्या तोंडाची चव जाते.

आता घोळ काय होता तो सांगते. अवघड काही नाही.

एक परदेशी भागीदारीतली कंपनी आमच्या भागात अ‍ॅल्युमिनियमचा अवाढव्य कारखाना काढणार, अशी बोलवा होती. अ‍ॅल्युमिनियमला वीज किती लागते म्हणाल तर एका शहराला लागणार नाही इतकी. कारखाना आला, तर पंधरा वर्षांत आमच्या भागाला दीड हजार मेगावॅट जास्त लागले असते. नाही आला, तर जवळजवळ काहीच नाही. जुनी केंद्रं नीट दुरुस्त केली असती तरी भागलं असतं. येणार की नाही हे देवालाही ठाऊक नव्हतं. कंपनीची तीन राज्यांशी बोलणी चालली होती आणि निर्णय दीड वर्षानं होणार होता.

हरदास सरांनी आलेखावर दोन रेषा काढल्या होत्या. लाल वर चढत जाणारी, निळी जवळजवळ सपाट. दोन्हींच्या मध्ये कोरा कागद. खाली त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'आज निर्णय घेऊ नये. दीड वर्ष थांबावे. थांबल्याने होणारे नुकसान किरकोळ आहे, चुकल्याने होणारे भरून येणारे नाही.'

आणि यात एक मेख होती, ती समितीतल्या प्रत्येकाला माहीत होती. दीड हजाराचं केंद्र लागलंच, तर ते पिंपळदोहला होणारच नव्हतं. तेवढ्या केंद्राला इथल्या नाल्याचं पाणी पुरत नाही, ते मोठ्या नदीकाठी, चाळीस मैल लांब गेलं असतं. काहीच लागलं नाही तर प्रश्नच मिटला. म्हणजे लाल रेष खरी ठरो की निळी, तलाव वाचत होता. तलाव जाणार होता तो फक्त एकाच हिशोबात. कुणी मधलं काहीतरी काढलं, साडेसातशेच्या आसपासचं, तर त्याला इथलं पाणी नेमकं पुरत होतं आणि त्याची राख या तलावात नेमकी मावत होती.

जेवणं झाल्यावर रांगणेकर साहेब पान लावत म्हणाले, "हरदास, तुम्ही विद्वान आहात. पण माझा चाळीस वर्षांचा अनुभव ऐका. टोकाला गेलेला माणूस तोंडघशी पडतो. मधला मार्ग कधी दगा देत नाही."

"साहेब, मधला मार्ग असला तर ना! इथे तो नाही. कारखाना येईल किंवा येणार नाही. अर्धा कारखाना कोण बांधतो?"

"सरासरी म्हणतात हो त्याला."

"मुलीचं लग्न ठरलं तर ती पुण्याला जाणार, मोडलं तर घरी राहणार. ठरतं की मोडतं हे कळत नाही म्हणून तिला आजच मनमाडच्या फलाटावर नेऊन बसवता का?"

पाचही सभासद खो खो हसले. साहेबही हसले. पण त्यांच्या हसण्यात दात दिसले नाहीत, हे मी पाहिलं.

आमच्या खात्यातली रीत तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंदाज नेहमी तीन द्यायचे. किमान, मध्यम, कमाल. वरचे लोक नेहमी मध्यम उचलायचे, डोळे मिटून. हे एकदा कळलं की खालचे लोक काय करणार? साहेबांना हवा तो आकडा आधी मधे ठेवायचे आणि मग वर-खाली दहा-दहा टक्क्यांवर दोन रेषा मारायचे. झालं शास्त्र! मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं डोळा मारून मला हे गुपित सांगितलं होतं. हरदास सरांनी आमच्या कक्षात ही थेरं कधी चालू दिली नाहीत. म्हणून तर त्यांना सत्तावन्नाव्या वर्षीही कक्षप्रमुखाच्या वर कुणी जाऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत तेच. साहेब गोड बोलून एक आकडा मागत होते, सर तितक्याच शांतपणे दोन सांगत होते. साडेअकराला साहेबांनी चहासाठी बैठक थांबवली आणि मला म्हणाले, "बोरीकर, जरा व्हरांड्यात येता?"

व्हरांड्यातून तलाव दिसत होता. दोन डोंगे जाळं ओढत होते.

"हरदासांबद्दल मला आदर आहे हं," साहेब म्हणाले. "पण त्यांचं आता झालं. तुमचं सगळं पुढे आहे. दिल्लीच्या मुख्य गटात आम्हाला एक संख्याशास्त्रज्ञ हवा आहे. मी तुमचं नाव सुचवावं म्हणतो."

मी म्हटलं, "थँक यू सर."

"आलेखाची मूळ प्रत तुमच्याचकडे असते ना?"

"हो सर."

"मग दुपारी निवांत बसून मधली रेष तेवढी आखून टाका. तांत्रिक काम आहे, त्यात कसला आलाय तत्त्वाचा प्रश्न? आणि काळजी करू नका, नाव कक्षप्रमुखाचं जातं. तशी पद्धतच आहे."

घरी अडचण होती, आजारपण होतं, नवऱ्याची बदली दिल्लीला झाली होती, असं काहीतरी इथे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काहीच नव्हतं. घरी सगळं छान होतं. मला दिल्ली हवी होती, बस्स. हरदासांची पोरगी म्हणून उरलेला जन्म नागपुरात गुणाकार करत बसायचं नव्हतं. आणि 'नाव तुमचं जाणार नाही' हे ऐकून माझ्या जिवाला जे बरं वाटलं ना, ते आठवलं की अजून मला माझी किळस येते.

दुपारी सगळे वामकुक्षीला गेले. मी बैठकीच्या खोलीत एकटी बसले. लाल आणि निळ्या रेषेतलं अंतर दर वर्षाला मोजलं, निम्मं केलं, ठिपके दिले, ठिपके जोडले. पंचवीस मिनिटं लागली. पंधराव्या वर्षाला रेष बरोबर साडेसातशेवर आली. हिरवी शाई वापरली मी. रेष सुरेख आली होती, कुठे हात हलला नव्हता, आणि मला त्याचा अभिमानही वाटला. खोटं कशाला बोलू?

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सर उभे होते.

"मुली, ही रेष कसली?"

"सरासरी आहे सर."

"कशाची?"

"दोन्ही शक्यतांची."

त्यांनी चष्मा काढून कागदावर वाकून पाहिलं, विद्यार्थ्याची वही तपासावी तसं. "गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "आता मला सांग, यातला कोणता दिवस उजाडणार आहे?"

मी हिरव्या पेनाला टोपण लावलं.

"लाल उजाडेल किंवा निळा उजाडेल. हिरवा उजाडणं शक्य नाही. जे कधी होणारच नाही त्याच्यासाठी तू या लोकांचा तलाव देते आहेस."

"मला साहेबांनी सांगितलं सर."

"त्यांनी काय सांगितलं ते कळलं मला. तू काय सांगितलंस?"

यावर मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "सर, आकडा दिला नाही तर ते दुसऱ्या कुणाकडून काढून घेतील. निदान आपल्या कक्षाचा तरी गणितानं बरोबर आहे." वा रे वा! मांजर डोळे मिटून दूध पितं, मी तर डोळे उघडे ठेवून पीत होते.

सर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी दीड पानाची भिन्नमतपत्रिका लिहिली. 'मधला अंदाज या कक्षाचा नाही, तो मला मान्य नाही,' अशी सुरुवात होती. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, म्हणाले, "अगदी अवश्य जोडतो."

पाच वाजता गिरजाबाई टोपलं घेऊन आल्या. रात्रीच्या जेवणाचे मासे स्वयंपाक्याच्या हवाली केले, पदरानं हात पुसले आणि पायरीवर बसलेल्या माझ्याजवळ आल्या.

"बाई, तुमी त्या आकडे करनाऱ्या ना?"

"हो."

"मंग एक सांगा जी. तलाव जाते का राह्यते?"

इतकं सरळ मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. दोन दिवस आम्ही मागणी, क्षमता, भार, वृद्धिदर यांचं पुराण लावून बसलो होतो. त्या सगळ्याचा अर्थ या बाईनं चार शब्दांत विचारला.

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही गिरजाबाई. दिल्लीला ठरेल."

"थे तं सायेब बी सांगते. उद्या सकाळी आमाले बोलवलं हाये ना, दहा वाजता? लोकायचं आयकाले? आमी साठच्या साठ घरं येऊन राह्यलो. बायकाबी येते. मी सांगतो सायबाले, का बाप्पा, हे पाणी माह्या आज्यानं खांद्यावर माती वाहून अडवलं हाये. काय म्हन्ता, येऊ ना?"

तिसऱ्या दिवशी सकाळचा एक तास स्थानिकांचं म्हणणं ऐकायला ठेवला होता, हे खरं. आणि मी मनात काय विचार केला तेही सांगते. साठ घरांचे लोक येतील, ही बाई आपल्या पहाडी आवाजात बोलेल, सर मधेच उठून 'हिरवी रेष आमची नाही' म्हणतील, साहेबांचा सगळा बेत फिसकटेल, आणि माझी दिल्ली जाईल. इतका सगळा विचार झाला आणि माझ्या चेहऱ्यावर हसू आलं, समजूत घालणारं.

"कशाला कामाचा खोळंबा करता? गरज नाही. आमच्या हरदास साहेबांनी तुमचीच बाजू मांडली आहे. लेखी दिलंय त्यांनी."

"कोन? थे बुढे सायेब? चष्मेवाले?"

"हो, तेच. आमचे मोठे साहेब आहेत ते. ते सगळं बघून घेतील."

गिरजाबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "देवमानूस हाये तो. काल माह्याशी बोलला, तवाच मी वळखलं. मंग उद्या नाई येत आमी. उद्या मोठं जाळं टाकाचं हाये, तेच करतो." उठता उठता त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

मी बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सरांनी त्यांची बाजू मांडली होती, लेखी दिलं होतं. एकही वाक्य खोटं न बोलता इतकं मोठं खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता व्हरांड्यात वीस खुर्च्या मांडल्या होत्या. एकही माणूस आला नाही. सर मधूनमधून घड्याळ पाहत होते, एकदा फाटकापर्यंत जाऊनही आले. "असं कसं?" ते मला म्हणाले. "ती बाई नक्की येते म्हणाली होती." मी म्हटलं, "त्यांची काहीतरी कामं असतील सर." तलावावर मोठं जाळं ओढत होते, त्यांच्या आरोळ्या तिथपर्यंत ऐकू येत होत्या.

अकरा वाजता साहेबांनी इतिवृत्तात लिहवून घेतलं: 'स्थानिकांना पुरेशी संधी देण्यात आली. कोणीही हरकत नोंदवली नाही.' लिहून घेणारी मी. मग सगळ्यांनी जेवण केलं, ढेकर दिले आणि गाड्यांत बसून निघाले.

अहवाल महिन्याभरानं दिल्लीला गेला. अनुक्रमणिका करायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांचा फोन आला, "बोरीकर, ते चौथं परिशिष्ट फार लांबण लावतं, नाही?" चौथं परिशिष्ट म्हणजे सरांची पत्रिका. मी ते काढलं आणि पाचव्याला चार नंबर दिला. आलेखाखाली पद्धतीप्रमाणे छापून आलं: 'अंदाज: म. ना. हरदास, कक्षप्रमुख.' तिन्ही रेषांना मिळून एकच नाव.

सरांनी छापील प्रत पाहिली त्या दिवशी ते माझ्या टेबलाजवळ आले, प्रत ठेवली, आणि परत गेले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला 'मुली' म्हटलं नाही. 'बोरीकर बाई' म्हणायचे.

पुढचं झटपट सांगते, कारण ते झटपटच झालं. दीड वर्षानं कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. निळी रेष खरी ठरली. पण आराखड्यात साडेसातशे छापून झाले होते आणि छापलेला आकडा सरकारात पुसला जात नाही. पाळ फोडली, तलाव उपसला, तळाला चिकणमातीचा थर देऊन चारी बाजूंनी राखेसाठी बंधारे घातले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही वीज घेणार कोण? केंद्र रद्द झालं. त्या खड्ड्यात राखेचा एक कणही पडला नाही. पाणी मात्र गेलं ते गेलंच, आणि गावही निम्मं उठलं.

मी दिल्लीला गेले. तिथं आठ वर्षं होते. नव्या अधिकाऱ्यांना तीन रेषांची पद्धत शिकवायचे, आणि माझी ती भाषणं फार गाजली. लोक टिपून घ्यायचे. दोन हजार एकमध्ये हरदास सर वारले. नागपूरच्या शोकसभेला गेले होते मी, बोललेही. 'अनिश्चिततेशी प्रामाणिक राहावं हे मी त्यांच्याकडून शिकले', असं म्हणाले. लोकांनी रुमाल काढले. त्यांच्या बायकोनं मात्र माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला वाटलं, दुःखात आहेत.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये एका कार्यशाळेसाठी चंद्रपूरकडे निघाले होते. पिंपळदोहच्या फाट्यावर गाडीचं चाक पंक्चर झालं. मी उतरून सावलीत उभी राहिले. कडेला एक म्हातारी थर्माकोलच्या पेटीतून मासे विकत बसली होती. आंध्रातून बर्फात येतात ते, डोळे पांढरे पडलेले, वास मारणारे. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"तुमी त्या आकडेवाल्या बाई ना जी?"

आवाजावरून ओळखलं मी. दंडावरचं गोंदण सुरकुत्यांत गेलं होतं.

"गिरजाबाई..."

"या ना, बसा ना!" त्यांनी आपल्या बुडाखालचं पोतं काढून मला अंथरलं. मी बसले. "तलाव..." एवढं म्हणाले आणि थांबले.

"गेला ना जी. गेला." त्यांनी माशावरच्या माश्या हाकलल्या. "तुमच्यावर काई राग नाई बाई. तुमी भल्या घरच्या. तुमाले तं जसं सांगतलं तसं तुमी आमाले सांगतलं. धोका देल्ला थो त्या बुढ्यानं."

"कोणी?"

"थोच, चष्मेवाला. देवमानूस समजलो आमी त्याले. तुमी म्हनलं का तो आमच्या बाजूनं हाये, म्हून तं आमी त्या दिवशी आलो नाई. मंग कागद आला. माह्या भाच्यानं वाचून दाखोला. खाली नाव कोनाचं? त्याचंच! हरदास!" त्या बाजूला वळून थुंकल्या. "कीडे पडन मेल्याले."

पोत्याचा सुटलेला दोरा मी बोटाला गुंडाळत राहिले.

"आमी गेलो होतो जी त्याच्या घरी, वर्ध्याले. पाळ फोडली ना, त्याच हप्त्यात. चाळीस जन, टरक करून. दारात उभं राहून आईबहिनीवरून शिव्या देल्या. माह्या पुतन्यानं कॉलर धरली त्याची. त्याची बायको रडे, म्हने, यायनं नाई केलं, यायनं तं उलटं लिहून देल्लं होतं. आमी म्हनलं, मंग केलं कोनं, नाव सांग! ती म्हने, सांगा ना हो, नाव सांगा ना! पन थो बुढा काई बोललाच नाई. हात जोडून उभा. शेवटपर्यंत नाव नाई घेतलं त्यानं कोनाचं. काहून घेईन? सोताच केलं, तं नाव कोनाचं घेईन?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. ड्रायव्हर चाक बसवत होता. गिरजाबाईंनी माझा हात आपल्या खरखरीत, गार हातात घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहत माझी कीव करत म्हणाल्या, "तुमाले बी त्यानं फसोलंच असन ना जी?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सर मेले होते, रांगणेकर साहेब मुंबईत अंथरुणाला खिळले होते, माझी बढती, माझं घर, माझं पेन्शन, सगळं पक्कं होतं. कुणी माझ्या केसालाही धक्का लावू शकणार नव्हतं. भीती वाटावी असं समोर काही नव्हतं, होती ती एक मासे विकणारी म्हातारी.

"हो," मी म्हटलं. "मलाही."

"वाटलंच मले," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी पेटीमागची लोटी उचलली, पदरानं काठ पुसला आणि मला पाणी दिलं, आणि मी ते घटाघटा प्याले.